घराच्या जागी जांभूळ

दाभाड्यांनी चित्रातून वगळलेला विजेचा खांब सोमवारी सकाळी त्यांच्याच स्वयंपाकघरात उभा राहिला. पाठोपाठ पाण्याची टाकी आली, मग वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स. निसर्गचित्रकार म्हणून नाव कमावताना नवऱ्याने जे जे नजरेआड केलं, ते ते शालनच्या घरात मुक्कामाला आलं. केर मात्र तिनेच काढायचा.

"जरा सांभाळून घे," दाभाडे म्हणाले. "शनिवारी प्रदर्शन आहे."

"खांबाला वळसा घालून भाकऱ्या कोण थापणार? तुम्ही?"

मग हौसाबाई आली. नदीकाठचं तिचं पत्र्याचं घर दाभाड्यांनी गाळलं होतं आणि तिथे जांभळाचं झाड रंगवलं होतं. त्याच चित्राला पहिलं पारितोषिक मिळालं आणि दाभाड्यांचं नशीब फळफळलं.

"माझ्याच कट्ट्यावर बसून चित्र काढलंसा," हौसाबाई कडाडली. "च्या पाजला मी. सांजच्याला बघते तर घराच्या जागी झाड! भांड्याकुंड्यासकट घर गेलं. माझं घर द्या, मी निघते."

चित्र हॉलमध्येच टांगलेलं होतं. शालनने ते खाली काढून टेबलावर टेकवलं. दाभाड्यांनी झाड खरवडलं आणि ब्रश उचलला; पण हाताला खोड जडलेली. पत्रा काढायला जावं तर पान उमटायचं. भिंतीची फांदी व्हायची.

"पत्रा चित्रात खुपतो गं," शेवटी ते म्हणाले.

शालनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने ब्रश हिसकावला. यांचे ब्रश आयुष्यभर धुतले होते, हातात धरून रंगवलं आजच. घर वाकडंतिकडं झालं, पण त्याला दार होतं, कडी होती, खिडकी होती. हौसाबाईने पदर खोचला आणि वाकून आत शिरली. आत स्टोव्ह पेटला.

"या बाई, च्या टाकलाय."

"शालन, तू मध्ये येतेयस," दाभाडे म्हणाले. "बाजूला हो."

ती बाजूला झाली नाही. चित्रातल्या दारातून आत गेली आणि तिने कडी लावली.

हौसाबाईने चहा बशीत ओतला. खिडकीबाहेर दाभाडे दुसरा ब्रश घेऊन, एक डोळा मिटून, अंगठा पुढे धरून उभे होते. शालन ओरडली. तिने गजांवर मुठी आपटल्या. दाभाड्यांनी मान तिरकी केली, थोडे मागे सरले, पुन्हा जवळ आले.

खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात पहिलं पान उमटलं.