बापाचा पेला

कोरियातल्या आंदोंग गावच्या घरात बापाचं वर्षश्राद्ध होतं. ओकजू पहाटेपासून रांधत होती, पण चव घेत नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं, आजपासून फक्त पाणी. परवा सोलच्या हॉस्पिटलात तिच्या आतड्याचा मोठा तुकडा काढून भावाच्या, ग्युतेकच्या पोटात जोडायचा होता.

पीळ पडून ग्युतेकचं आतडं सडलं, कापावं लागलं. तेव्हापासून तो शिरेतल्या नळीवर जगत होता. आता नळी घालायला धड शीर उरली नव्हती आणि यकृतही थकलं होतं. ही तारीख चुकली तर दुसरी येईपर्यंत तो टिकेल असं कुणीच म्हणत नव्हतं.

मांडलेल्या ताटांकडे बघत तो म्हणाला, "ताई, मी आणि बाबा सारखेच. नुसतं बघायचं."

"बाबा निदान तुझ्यासारखे मीठ कमी म्हणून कुरकुरत नाहीत. जेवत होतास तेव्हा रोज तेच."

पुरुषांनी पुढं होऊन बापाच्या नावाच्या पाटीसमोर दारू वाहिली, नमस्कार केले. बायका स्वयंपाकघरात. मग वाहिलेलं सगळ्यांनी खायचं, प्यायचं. काका पेला आणि भात घेऊन ओकजूकडे आला.

"घे. बापाचा आशीर्वाद पोटात गेल्याशिवाय कापून घ्यायला जायचं नाही."

"काका, डॉक्टरांनी..."

"डॉक्टर तुझ्या बापापेक्षा मोठा? घोटभर पी, दोन घास खा."

काकाची धडधाकट पोरं माना खाली घालून जेवत होती. कुणाचं आतडं जुळतं त्या तपासणीच्या दिवशी एकाला दुकान होतं, दुसऱ्याला पाठदुखी. नाव चालवायला मुलगे आणि आतडं द्यायला मुलगी!

ओकजूनं पेला घेतला आणि पुरुषांच्या रांगेतून थेट बापाच्या नावाच्या पाटीकडे निघाली.

"ए, कुठं? बायका तिथं जात नाहीत!"

"माझं आतडं चालतं, हात चालत नाही?"

काका धावला. ग्युतेक सलाइनची पिशवी धरून आडवा उभा राहिला. "काका, थोरला मुलगा मी. श्राद्ध माझं. पेला ताई ठेवेल."

तिनं पेला पाटीसमोर ठेवला. डोकं जमिनीला टेकवलं.

"बाबा, माझ्या वाटचं आज तुम्हीच प्या. मला पोट रिकामं ठेवायचंय."

पुढं सोलला बरेच दिवस गेले. काकाच्या पोरांनी नासपतींची पेटी पाठवली. ती दोघांनाही चालत नव्हती. एका सकाळी ग्युतेकनं पेजेचा पहिला चमचा गिळला. ओकजू टाक्यांवर हात दाबून खाटेशी उभी होती.

त्यानं चमचा चाटला.

"मीठ कमी आहे," म्हणाला.