कपाळ कोन धरन?

जोहराबीशी हुज्जत घालून कोणी जिंकल्याचं राळेगावात कोणाच्या ऐकिवात नव्हतं. ती घरात हिंदी बोलायची, नमाजानंतर दुआ उर्दूत मागायची, पण भांडण निघालं की थेट वऱ्हाडीवर यायची. हिंदीतलं भांडण लवकर मिटतं, त्यात काही मजा नाही, असं तिचं म्हणणं. कापूस वेचणीला येणाऱ्या बायांबरोबर उभा जन्म गेला, त्यामुळे तिच्या जिभेला पऱ्हाटीच्या बोंडासारखी धार होती आणि आत तसाच मऊ कापूस. फक्त कापूस दिसायला बोंड फुटावं लागायचं.

अशा बाईची नात कहकशां दहावीत होती आणि तिला दादीकडून एक होकार पाहिजे होता.

झालं असं, की परिपाठाच्या वेळी पीटीच्या श्रीकृष्ण सरांनी यंदाची सहल जाहीर केली. एरवी सहल म्हणजे एखादं देऊळ, नाहीतर धरण. यंदा वणीची कोळसा खाण. सर दंड फुगवून सांगत होते, की जमिनीच्या पोटात रस्ते उतरतात अन् त्यावर माणसापेक्षा उंच चाकांचे डंपर धावतात. कहकशांच्या वडलांचं, जफरभाईंचं, बसस्टँडमागं फवारणीचे पंप अन् इंजिनं दुरुस्त करायचं दुकान. ग्रीसचा वास अंगाईसारखा नाकात घेऊन ती लहानाची मोठी झालेली. माणसापेक्षा उंच चाक तिच्या डोक्यात शिरलं ते निघेचना.

जफरभाई म्हणाले, माझी ना नाही, पण अम्मीला पटव. म्हणजे त्यांनी नाहीच म्हटलं होतं, फक्त गोड आवाजात.

आणि अम्मीनं, म्हणजे जोहराबीनं, विचारलं, "खड्डा पाहाले वणीले कायले जाते व? आपल्या गल्लीत काय कमी हायेत?"

ते दिवस कापसाचे वाईट होते. कापसाच्या जिनिंगपुढं गाड्यांची रांग लागे अन् माणसं गाडीखाली अंथरूण टाकून चांगल्या भावाची वाट पाहत. गावागावांत पाहुणे यायचे, कॅमेरे यायचे, आणि वर्गात डोकावून हमखास म्हणायचे, बाळांनो, कापसावर चार ओळी लिहा बरं. पोरं लिहायची. 'शेतकऱ्याचे मनोगत' सगळ्यांना तोंडपाठ होतं, शेवटी आभाळाकडे लागलेल्या डोळ्यांसकट. वर्गातल्या मधुवंतीच्या घरचं दुःख खरं होतं, पियूषच्या घरचंही खरं होतं, पण निबंध दोघांचा एकाच गाईडातला.

मराठीच्या रत्नप्रभा मॅडम त्या जूनमध्येच यवतमाळहून आल्या होत्या. वडील कचेरीत, काका कचेरीत, आजोबाही कचेरीतूनच निवृत्त; घरात प्रत्येक वाक्याला समास सोडायची पद्धत. कापूस त्यांनी बसच्या खिडकीतून पाहिलेला. एके दिवशी त्यांनी निबंधाच्या वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला, त्यावर हात ठेवला, आणि म्हणाल्या, "या निबंधाला आता आपण सुट्टी देऊ. दमला बिचारा."

मग त्यांनी नवं काम दिलं. घरात जो माणूस तुम्हाला 'नाही' म्हणतो, त्याला पटवणारा निबंध लिहायचा. खऱ्या माणसाला, खऱ्या गोष्टीसाठी. वर्गात एकदम बाजार भरला. पियूषला आईला पटवायचं होतं, की रोज रात्री खिचडी टाकू नये. मधुवंतीला भावाकडून रेडिओ हवा होता. नाही म्हणणारी माणसं इतकी निघाली, की कोणाला निवडावं असा प्रश्न पडला. कहकशांला तो पडला नाही.

"आधी आराखडा," मॅडम म्हणाल्या. "पायाची दोरी न लावता भिंत चढवलीत, तर दार स्वयंपाकघरात उघडेल."

फळ्यावर त्या एकेक पायरी मांडत गेल्या. पहिल्यांदा आपलं म्हणणं एका वाक्यात. दोन वाक्यं लागली तर समजा तुम्हालाच नीट ठाऊक नाही. मग कारणं. सुचतील तेवढी सगळी लिहून काढा आणि नंतर उपटून टाका, जोमाची तेवढीच ठेवा. हे ऐकून कहकशांनं समासात लिहिलं, 'विरळणी'. तिला मजा वाटली. दादीच्या वावरात कपाशी उगवली की दाट रोपं अशीच उपटत. मॅडमला हे कसं ठाऊक?

"आता सगळ्यांत अवघड," मॅडम सांगू लागल्या. "समोरच्याचं म्हणणं काय आहे, ते प्रामाणिकपणे मांडायचं. आणि मग त्याचं..."

नेमका रस्त्यापलीकडच्या जिनिंगचा भोंगा वाजला. मॅडम म्हणाल्या 'खंडन'. खिडकीपाशी बसलेल्या कहकशांला ऐकू आलं 'खांडणी'.

तिला काहीच वावगं वाटलं नाही. विरळणीनंतर खांडणी येणारच. पेरलेल्या ओळीत, म्हणजे तासात, जिथं बी उगवत नाही, ती मोकळी जागा म्हणजे खांडणी. त्या साली पावसानं ओढ दिली होती, म्हणून शाळा सुटल्यावर निम्मा वर्ग आपापल्या वावरात खांडण्या भरत फिरला होता. मोकळी जागा शोधायची, वाकायचं, बोटानं बी दाबायचं. तिनं टिपून घेतलं: समोरच्याचं म्हणणं. मग खांडणी भरणे. मग शेवट.

पहिला निबंध तिनं संध्याकाळी दादीला वाचून दाखवला. त्यात नुसती कारणं होती, अन् सगळी एकदम जोमाची. खाण पाहिल्यानं भूगोल पक्का होतो. जोहराबी म्हणाली, भूगोलाचं पुस्तक फाटलं काय? दुसरं कारण, सगळ्या पोरी जाऊन राहिल्या. दादी म्हणाली, सगळ्या विहिरीत उतरल्या त? मोठ्या इंजिनाचं ज्ञान मिळेल. "तुह्या बापाले लहान इंजिनातच ग्यान मिळून राह्यलं, तेवढं घे आधी." जफरभाई पंपाचा वॉशर शोधायच्या निमित्तानं उठून गेले. निबंध संपला. दादी भाकरीकडं वळली.

रविवारी दोघी वावरात गेल्या. गावालगतचं चार एकर, दादीच्या नावचं. दुसरी वेचणी चालू होती, पऱ्हाटी पांढरीशुभ्र फुटलेली, कमरेला ओट्या बांधून बाया तासातासानं सरकत होत्या. कोणीतरी सूर धरला होता,

*फुटलं वो फुटलं बोंड, वावर झालं चांदणं*
*ओटीत माईना बाई, कसं करू बांधणं*

कहकशां दादीच्या शेजारच्या तासाला लागली. निबंधाची पुढची पायरी तिच्या डोक्यात होती. वेचता वेचता ती म्हणाली, "दादी, एक सांग. माह्या बोलण्यात कुठं कुठं उगवलं नाई?"

"म्हंजे?"

"म्हंजे खांडणी कुठं कुठं हाय? वाद नाई घालत मी. भरून पाहातो म्हनलं."

जोहराबीचा हात बोंडावर थांबला. उभ्या आयुष्यात तिच्याशी भांडलेल्या माणसांनी तिला खोटं पाडायचा प्रयत्न केला होता, रडून पाहिलं होतं, पाय आपटले होते. कुठं उगवलं नाही, हे कोणी विचारलं नव्हतं. आणि खांडणी विचारल्यावर खोटं सांगता येत नाही. ती समोर दिसत असते.

ती वेचत राहिली आणि सांगत राहिली. यायला अंधार होईल. कहकशां म्हणाली, दिवेलागणीआधी परत यायचं ठरलं आहे, सरांनी सांगितलं. खाण्यापिण्याचं काय? डबा घरचा नेईन. खाणीच्या कडेला जाऊन वाकशील, तुला प्रत्येक यंत्रात डोकं घालायची खोड आहे. यावर कहकशां म्हणाली, मधुवंतीचा हात सोडणार नाही. दादी 'हं' म्हणाली. एकेक जागा भरत चालली होती. तास संपत आला तशी जोहराबी कमरेवर हात देऊन सरळ झाली आणि जे मुळात होतं ते म्हणाली.

"तुले गाडी लागते बेटा. मागं मावशीकडं गेलतो, तवा करंजी गावापासून उलट्या. तिथं मी होती. आता त्या पोट्ट्यापोट्टींत उलटी झाली, सारे हासले, त तुह्यं कपाळ कोन धरन?"

कहकशांजवळ याला बी नव्हतं. तिनं ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा केला.

निबंध तिनं पुन्हा लिहिला. दादीच्या सगळ्या शंका तिच्याच शब्दांत मांडल्या, प्रत्येकीखाली आपलं उत्तर, आणि शेवटी प्रामाणिकपणे एवढंच: 'माझे कपाळ कोण धरील, ही खांडणी मला भरता आली नाही.'

मॅडमनी वर्गातच निबंध तपासायला घेतले. पहिल्या पानावर 'खांडणी' दिसली तेव्हा त्यांनी ती लाल शाईनं 'खंडन' केली. दुसऱ्या पानावर पुन्हा केली. तिसऱ्यांदा पेन वर उचललं अन् कहकशांला बोलावून विचारलं, हा शब्द कुठला? तिनं सांगितलं. मॅडमनी खंडन म्हणजे काय ते समजावलं: समोरच्याचं म्हणणं तोडणं, मोडणं. ऐकता ऐकता कहकशांचा चेहरा उतरत गेला. तिनं तर उलटंच केलं होतं. तोडायचं ते जपून ठेवलं होतं, वर दादीला चार मुद्दे जास्तीचे काढून दिले होते.

"मॅडम, चुकलं का सगळं?"

मॅडमनी वही उलटून पुन्हा पहिलं पान काढलं. त्या निबंध पहिल्यापासून वाचत होत्या, आणि या खेपेला हातात पेन नव्हतं. शेवटच्या ओळीपाशी आल्यावर मात्र त्यांनी ते पुन्हा घेतलं. लाल केलेल्या दोन्ही दुरुस्त्या खोडल्या, 'खांडणी' होती तशी ठेवली, आणि सर्वांत खाली, जिथं बी नव्हतं तिथं, दोन शब्द लिहिले: 'मी धरीन.'

कहकशां त्या दिवशी घरी चालत आली नाही, पळत आली. जोहराबीनं निबंध पूर्ण ऐकला. मध्ये एकदाही तोडला नाही. अंधाराच्या ठिकाणी मान हलवली, डब्याच्या ठिकाणी मान हलवली. शेवटचे दोन शब्द आले तसं तिनं विचारलं, हे कोणाचं? मॅडमचं म्हटल्यावर ती सुपातले गहू निवडू लागली. मग म्हणाली, उद्या शाळेत येते. माणूस पाहिल्याशिवाय कपाळ कसं द्यावं?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती बुरखा सावरत व्हरांड्यात उभी राहिली. आजूबाजूला पोरांचं कडं. श्रीकृष्ण सर दुरून आले, आणि जोहराबी आहे म्हटल्यावर दूरच उभे राहिले. मॅडम बाहेर आल्या तशी तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, हात हातात घेऊन पाहिले, ते पसंत पडल्यासारखे दिसले.

"हात त नरम हायेत. एक सांगा मॅडमबाई, तुमाले नाई ना गाडी लागत?"

मॅडमनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. नाही म्हटलं असतं तर काम तिथंच झालं असतं. पण प्रामाणिकपणे मांडा असं ज्यांना शिकवलं, ती सगळी पोरं कान टवकारून उभी होती.

"लागते," त्या हळूच म्हणाल्या. "यवतमाळहून इथवर येईतो दोनदा."

व्हरांड्यात कोणीतरी फिसकन हसलं. कहकशांनं डोळे मिटले. झालं, गेली वणी. जोहराबी मात्र मॅडमचा हात अजून धरूनच होती. तिच्या तोंडावर असं काहीतरी उजळत होतं, जे कहकशांनं वेचणीच्या पहिल्या दिवशी तेवढं पाहिलं होतं.

"मंग तुमचं कपाळ कोन धरन?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता श्रीकृष्ण सरांकडं वळली. "ओ सर, गाडीत जागा हाय ना अजून एक?"

सहलीच्या सकाळी जोहराबी सगळ्यांच्या आधी येऊन बसली, मधल्या सीटवर. एका बाजूला नात, दुसऱ्या बाजूला मॅडम, मांडीवर डबा आणि रुमालात बांधलेली लिंबं. गाडी सुटली तशी तिनं दोघींच्या तोंडात एकेक फोड दिली आणि बोलायला सुरुवात केली. लहानपणी बैलगाडीतून वरात कशी उलटली, नवरदेव कसा ज्वारीत जाऊन पडला. ती सांगत गेली अन् दोघी इतक्या हसल्या, की करंजी कधी मागं पडलं हे दोघींच्याही पोटाला कळलं नाही.

मारेगाव जवळ आलं तेव्हा पुढच्या सीटवरून पियूष ओरडला, गाडी थांबवा. उतरले ते श्रीकृष्ण सर. उंचेपुरे, कबड्डी खेळलेले, शिट्टी गळ्यात. रस्त्याच्या कडेला पळसाला धरून उभे राहिले, अन् मग त्यांना उभंही राहवेना. गाडीतली पोरं खिडक्यांशी गोळा झाली. हसावं की नाही, कोणालाच ठरवता येईना.

जोहराबी दोघींच्या मधून उठली. "बसा व तुमी," असं म्हणत खाली उतरली, बुरख्याच्या बाह्या मागं सारल्या, आणि सरांचं भलं थोरलं कपाळ दोन्ही तळव्यांत घेतलं. "होऊ दे बेटा, होऊ दे. लाजाचं काय त्याच्यात."

बाजूच्या वावरात वेचणाऱ्या बाया उभ्या राहून बघू लागल्या. त्यातली एक पाण्याची कळशी घेऊन धुऱ्यापर्यंत, वावराच्या बांधापर्यंत आली. कहकशां खिडकीतून बघत होती, लिंबाची फोड चोखत. पुढं, मारेगावच्याही पलीकडं, आभाळात कोळशाची बारीक काळी धूळ दिसू लागली होती.