भिंतीवरचा बगळा

अख्ख्या वस्तीच्या गळक्या नळांना वठणीवर आणणाऱ्या प्लंबरच्या स्वतःच्या घरात, बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर, सहा वर्षं ओल होती. पलीकडे बाथरूम, आणि भिंतीच्या पोटात कुठेतरी पाइप झिरपत होता. बायको दर रविवारी सांगे, तो दर रविवारी "करतो गं" म्हणे. दिवसभर लोकांच्या पाण्यात हात घालून आलेल्या माणसाला घरी पाना उचलायचं जिवावर येतं, हे बायकांना कळत नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

शेवटी बायकोनं सांगणं सोडलं आणि पेन्सिल घेतली. ओल जिथवर पोचली असेल तिथवर रेघ ओढायची आणि बाजूला तारीख टाकायची. सुरुवातीला हे निव्वळ पुराव्यादाखल होतं. मग एकदा ओलीला शेपूट फुटलं. तिनं एक डोळा काढला आणि बेडकाचं पिल्लू झालं. महिन्याभरात त्याला पाय आले. बेडकाचं कासव झालं, कासवाची मान लांबत लांबत बगळा झाला. पुढचा प्राणी कुठला ते पाणी ठरवायचं, ही फक्त कोळसा आणि चहाचं पाणी घेऊन त्याला डोळे-पिसं द्यायची. "आज कोण जन्मलं?" असं विचारून प्लंबर जेवायला बसायचा.

एका सोमवारी ती म्हणाली, "अहो, शनिवारी एक बाई येणार आहेत भिंत बघायला."

"हं," तो म्हणाला. सगळं लक्ष ताटात.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या सिंकखाली आडवा पडलेला असताना ते वाक्य त्याच्या डोक्यात शिरलं. भिंत बघायला! कोण ही बाई? प्लंबरच्या घरात ओल, हे गावभर करायलाच येणार, दुसरं काय!

गुरुवारी बायको बहिणीकडे गेली आणि त्यानं बाथरूमची फरशी फोडली. कुजका पाइप कापून नवा घातला. सांधा असा बसला की त्याची त्यालाच नवलाई वाटली. वर भिंतीसमोर टेबलफॅन लावून तो शाबासकीची वाट बघत बसला.

बायको आली तेव्हा बगळा गळ्यापर्यंत वाळला होता.

"काय केलंत हे?"

"दुरुस्त केलं!"

"सहा वर्षं नाही, आणि आजच?"

मग उलगडा झाला. चित्रांची स्पर्धा होती, विषय 'निसर्गातला बदल'. बहिणीनं परस्पर फोटो पाठवले होते आणि शेवटच्या पाचांत ही भिंत निवडली गेली होती. शनिवारच्या बाई म्हणजे परीक्षक. "पंख फुटत होते हो त्याला," एवढंच म्हणून ती स्टुलावर बसली आणि तिचे डोळे भरून आले. भांडली असती तर बरं झालं असतं. त्या भिंतीसमोर आपण एकदाही घटकाभर थांबलो नाही, याची त्याला मनापासून लाज वाटली.

शुक्रवारी त्यानं कामाला दांडी मारली आणि गळती परत आणायच्या मागे लागला. सांधा ढिला करायला गेला, तर तो जागचा हलेना. इतकी वर्षं लोकांकडची कामं दोन महिन्यांत पुन्हा गळायची आणि हा शहाणा मात्र थेंब सोडायला तयार नव्हता. भिंतीवर तांब्यानं पाणी ओतलं, तर ते सरळ ओघळून चपलांत गेलं.

शनिवारी परीक्षक बाई आल्या. भिंत कोरडी ठणठणीत, वर नुसत्या रेघा, तारखा, डोळे आणि पिसं. "ओल कुठाय?" त्यांनी विचारलं.

प्लंबर पुढे झाला. "बाई, चूक माझी आहे. सहा वर्षं नुसता करतो करतो म्हणत होतो. परवा केलं. हिचं चित्र मी बुडवलं."

"मग आता बदल कुठला बघायचा?" बाई म्हणाल्या.

बायकोनं भिंतीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. त्याचा दंड धरून तिनं त्याला बगळ्याच्या जागी, भिंतीला पाठ लावून उभा केला आणि त्याच्या हातात पाना दिला.

"हलू नका," ती म्हणाली आणि कानापासून सुरुवात करून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवू लागली. परीक्षक बाई हसू दाबत वहीत लिहीत होत्या. पोटापाशी रेघेला बरंच लांबून जावं लागलं.

रेघ पुरी झाल्यावर तिनं बाजूला तारीख टाकली. गुरुवारची.