मावशीचा दम

मी मावशी बोलतेय. घाबरू नका, तुमच्याकडे राहायला येणार नाही. टायरच्या दुकानावर जो हॉल आहे ना, तिथली मी ठोसे खायची बॅग. उंचीला माणसाएवढी, घेराला दोन माणसांएवढी, म्हणून सगळे मला मावशी म्हणतात. अकलेचं विचारू नका. जिची उभी हयात मार खाण्यात गेली, तिला अक्कल असती तर ती तिथे थांबली असती का?

माझा जन्म गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्याच्या दुकानात झाला. बाहेरून काळं कुळकुळीत रेक्झिन, काय तो रुबाब! आत मात्र जुने गणवेश, फाटके टॉवेल आणि अर्धा पडदा. बडा घर पोकळ वासा म्हणतात, माझा तर वासाही चिंध्यांचा.

सरांनी मला आणून छताच्या हुकाला टांगलं. सर म्हणजे हॉलचे मालक, शिक्षक आणि झाडूवालेही. त्यांचे गुडघे तेव्हापासूनच कुरकुरायचे, पण सरांनी त्यांचं कधी ऐकलं नाही.

माणसांची एक गंमत सांगते. इथे आधी मला वाकून नमस्कार करायचा, मग दणादण मारायचं. नमस्कारापर्यंत सगळं छान चालायचं! घरी कुणाचं वाजलंय, ऑफिसात कुणाला बोलणी बसलीत, ते मला पहिल्या ठोशालाच कळायचं.

सगळ्यांत तडाखेबंद हात ड्रायव्हरचा. दिवसभर शहरात बस हाकायचा आणि संध्याकाळी मला. प्रत्येक ठोशाबरोबर ‘हुश्श’ करून श्वास सोडायचा, तो थेट माझ्या तोंडावर. दुपारी काय जेवला तेसुद्धा मला समजायचं. फेरी संपली की खांदे भरून यायचे, पोटऱ्या थरथरायच्या, छातीचा भाता व्हायचा. पण कमरेवर हात ठेवून दोन येरझाऱ्या घातल्या, घोटभर पाणी प्यायलं की गडी पुन्हा उभा. ठोशांचा थकवा असाच बोलका असतो. आरडाओरडा करून येतो आणि लवकर जातो.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला मॅटवर पकडीचा, म्हणजे कुस्तीसारखं एकमेकांना जखडायचा वर्ग चालायचा. तिथे ड्रायव्हरची बायको असायची. ती हॉस्पिटलात नर्स, म्हणून सरांसकट सगळे तिला सिस्टर म्हणत. ड्रायव्हर लांबूनच तिला चिडवायचा, “लोळायचंच तर आहे! रविवारी मी सोफ्यावर हेच करतो. त्यात कसला आलाय थकवा?”

“ज्याचं जळतं त्यालाच कळतं,” सिस्टर म्हणायची. “या एकदा खाली.”

खरं सांगू? मलाही ड्रायव्हरचंच पटायचं. वर लटकलेल्याला जमिनीवरचे सगळे आळशीच दिसतात.

आणि एक दिवस ड्रायव्हरच्याच लाथेने माझा हुक छतातून उपटून आला. मी धप्पदिशी आपटले. खालच्या टायरवाल्याने वर येऊन विचारलं, “कोण पडलं?” सरांनी छताची भेग बघितली आणि म्हणाले, “आता हिला टांगायचं नाही. पकडीच्या सरावाला घ्या.” गेला सगळा रुबाब! कालपर्यंत छताशी बोलणारी मी आज पायपुसण्याच्या शेजारी आडवी.

त्याच आठवड्यात सरांनी सगळ्यांना गोल बसवलं. “गुडघे संपले माझे. हॉल बंद करतो.” त्यांनी खिशातून किल्ली काढली. “दोन्ही वर्ग सांभाळणारा कुणी मिळाला तरच चालू ठेवीन. एक फेरी ठोशांची, एक फेरी पकडीची, मध्ये न थांबता जो पुरी करील, त्याच्या हातात किल्ली.”

ड्रायव्हर उठून उभा राहिला. “सर, दिवसभर हॉर्न आणि शिव्या ऐकतो मी. घरी जाण्याआधी इथे येतो म्हणून माणसात राहिलोय. हा हॉल बंद नाही होऊ द्यायचा.”

मला तेव्हा फार भरून आलं. चिंध्यांनाही येतं हो भरून.

मग सुरू झाल्या आमच्या मिठ्या. ड्रायव्हर मला कवटाळायचा, पायांत जखडायचा, उलटीपालटी करायचा. तेही बायकोसमोर! आणि अर्ध्या फेरीतच गारद व्हायचा. हा थकवा वेगळाच, मुका. बोटं वळेनात, मनगटापासून कोपरापर्यंत नुसता दगड. एवढी मोठी बस वळवणारा माणूस, पण पाण्याची बाटली सिस्टरला उघडून द्यावी लागायची.

सर खुर्चीवरून ओरडायचे, “ड्रायव्हर, दम धर! दम धर!” आणि ते जितके ओरडायचे तितका ह्याचा चेहरा जांभळा व्हायचा.

कारण फक्त मला ठाऊक होतं. वर लटकले होते तेव्हा ह्याचा श्वास माझ्या तोंडावर आदळायचा. आता गालाला गाल चिकटलेला, तरी वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही! बाबा श्वासच घेत नव्हता. ओरडून सांगावंसं वाटायचं, पण मावशीला पोट दिलं, तोंड द्यायला विसरले.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तो पुन्हा अर्ध्यातच कोसळला. “जाऊ दे,” म्हणाला, “माझ्यात दमच नाही.” डोळे पुसले त्याने, घाम पुसल्यासारखं करून. सिस्टर म्हणाली, “रडायचं नंतर. आधी आणखी एकदा.”

त्याने दात-ओठ खाऊन मला असं आवळलं, असं आवळलं, की माझी जुनी शिवण गेली. फर्रर्रर्र!

कसा आवाज झाला ते सभ्य माणसांना सांगायला नको. सगळे ड्रायव्हरकडे बघायला लागले.

“मी नाही! आईशप्पथ, मावशी!” तो म्हणाला, आणि खो खो हसत सुटला. कोंडलेली सगळी हवा बाहेर आली आणि चेहऱ्याचा जांभळा रंग उतरला.

सिस्टरने ते बरोबर टिपलं. “थांबा. अहो, तुम्ही श्वास कोंडून धरला होता?”

“मग? सर केव्हापासून ओरडताहेत, दम धर, दम धर. धरला!”

सरांनी कपाळावर हात मारला. “अरे शहाण्या, दम धर म्हणजे धीर धर! घाई करू नकोस!”

“मग धीर म्हणा ना, सर!”

माझ्या आयुष्यातलं एकमेव भाषण, तेही असल्या आवाजात. पण वेळेवर झालं. सिस्टरने त्याच रात्री मला टाके घातले, हॉस्पिटलात घालतात तसे नीटस.

दुसऱ्या दिवशी ठोशांची फेरी त्याने सहज मारली. पकडीला समोर खुद्द सिस्टर. तिने काही दयामाया दाखवली नाही, छातीवरच बसली. तो खालून शिट्टीवर आलेल्या कुकरसारखा हुश्श हुश्श करत होता. सरांचं तोंड उघडलं, “द...” तेवढ्यात त्यांनी शब्द गिळला आणि ओरडले, “श्वास सोड रे, बाबा!”

घंटा झाली. तो जिंकला वगैरे नव्हता, पण अजून हलत होता.

“अगं, ऊठ आता.”

“संपली का? बरं.”

सरांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि ती खाली पडली. बोटंच मिटेनात बिचाऱ्याची. सिस्टरने किल्ली उचलली, त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली. सर दुसरीकडे बघत नाक शिंकरत राहिले.

आता मी कोपऱ्यात असते. टाक्यांमुळे मला ना कुणी टांगत, ना कुणी आवळत. दमलेले सगळे येऊन मला टेकतात, ठोसेवाले आणि पकडवालेही. घामाचा वास सारखाच येतो. सर रोज संध्याकाळी गुडघे धरत येतात, माझ्यावर रेलून बसतात आणि ड्रायव्हरचा वर्ग ऐकतात. त्यांच्या वजनाने माझ्या टाक्यांतून बारीकसं फुस्स होतं. ते मला थोपटतात. “खा, मावशी, तूही जरा दम खा.”

तुम्हीही कधी जिना चढून आलात तर टेका खुशाल. फक्त आल्याबरोबर वाकून नमस्कार करू नका, पोटात गोळा येतो माझ्या. जन्मभर मार खाल्ला हो. दम खायला आत्ता कुठे शिकतेय.