मागची सीट

मोटारसायकलवर बसून जालिंदरनं डावा पाय खाली सोडला. टाच टेकली. मग उजवा. त्याचीही टेकली.

एकशे एक्क्याण्णव किलो. पेट्रोल धरून.

'पप्पा, स्कूटी घ्या. गिअरची कटकट नाही.' चैतालीचा मेसेज, सकाळी नऊ अठ्ठावीस. खाली उंचावलेला पिवळा अंगठा.

नेकनूरच्या घरात ताटं चार. रोज एकच धुतलं जातं आणि दुसऱ्या दिवशी तेच घेतलं जातं.

केज–बीड, पहिली गाडी, सकाळी सव्वासहा. हल्ली ती कोण नेतं, माहीत नाही.

अवजड वाहन, एकतीस वर्षं, अपघात शून्य.

दुचाकी, शिकाऊ परवाना, मुदत सहा महिने.

"काका, आता हॅन्डल धरून सरळ करा तिला," परमेश्वर म्हणाला. केजच्या त्या शोरूममध्ये गाड्या दाखवायचं काम त्याच्याकडं होतं. पोरगा गोड बोलायचा, पण हसू दाबणं त्याला जमत नव्हतं. "एवढी मोठी एसटी चालवली तुमी जिंदगीभर, आन् मोटारसायकल न्हाई येत?"

"एसटी आपली आपण उभी राहती, बाबा. ही धरून ठेवावी लागती."

खरं तर कधी गरजच पडली नव्हती. पहाटे नेकनूरच्या फाट्यावर उभं राहिलं की कुठली तरी गाडी डेपोत घेऊन जायची आणि संध्याकाळी कुठली तरी आणून सोडायची. निवृत्त झाल्यावर पासही मिळाला होता. पहिल्या महिन्यात जालिंदर दोनदा बीडला जाऊन आला. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसला आणि प्रत्येक वळणाला त्याचा उजवा पाय समोरचा पत्रा दाबत राहिला. शेजारच्या बाईनं शेवटी विचारलं, "बाबा, पायात गोळा आला का?" तेव्हापासून पास पाकिटात होता आणि जालिंदर घरात. दूधवाल्याशी जेवढं बोलणं व्हायचं तेवढंच दिवसाचं बोलणं.

रस्ता हवा होता. प्रवासी म्हणून नको होता.

साध्या मोटारसायकली त्यानं आधी पाहिल्या होत्या. त्यांच्यावर माणूस टाकीवर ओणवा होतो, चोरीचा माल घेऊन पळाल्यासारखा. ही लांबोडकी, बुटकी गाडी निराळी होती. तिच्यावर पाठ ताठ राहायची, पाय पुढं जायचे, हात रुंद पसरायचे. डोळे मिटले तर केबिनमध्ये बसल्यासारखं वाटायचं. शिवाय पाय पुरत होते. पाय पुरले नाहीत तर शिकणार कसं?

अशा दोन गाड्या होत्या. एक काळी, एकाच माणसाच्या सीटची. दुसरी लालसर तपकिरी, मागं दुसरी सीट आणि त्या सीटला टेकायला गादी.

"काळी घ्या," परमेश्वर म्हणाला. "चौदा किलोनं हलकी हाय. शिकणाऱ्याला तेवढाच फरक पडतो. आन् तुमी एकटेच ना?"

जालिंदर तपकिरी गाडीच्या मागच्या गादीकडं बघत राहिला.

"एक चक्कर मारून बघतो," तो म्हणाला. "पण मागं पक्कं लायसन असलेला मानूस पायजे. मी शिकाऊ हाय."

"अवो काका, मागच्या मैदानात कोन इचारतंय?"

"नियम हाय."

परमेश्वर तपकिरीवर मागं बसला. दोन्ही पाय त्यानं बाहेर काढून ठेवले, उडी मारायला सोपं म्हणून. क्लच सुटला, गाडीनं दोन आचके दिले आणि निघाली. सरळ रेषेत जालिंदर बरा होता. कोपरा आला तसा त्यानं हॅन्डल आधी उजवीकडं नेलं, गाडी पार कुंपणाच्या तारेपर्यंत बाहेर काढली आणि मग डावीकडं वळवली.

"काका! तिकडं कावून चाललाव?"

"मागचं चाक खांबाला लागल ना."

"मागचं चाक तुमच्या बुडाखाली हाय वो!"

दुसऱ्या फेरीत तो कमी बाहेर गेला, तिसऱ्या फेरीत त्याहून कमी. चौथ्या फेरीत शोरूमच्या दारासमोर त्यानं गाडी थांबवली. परमेश्वर उतरला नाही. आणखी एक फेरी घ्यायची असं ठरलं होतं. इंजिन चालू, गिअर पडलेला, क्लच दाबलेला. जालिंदर समोर बघत बसून राहिला.

"काका?"

जालिंदर हलला नाही.

"काय झालं? बंद पडली का?"

"न्हाई," जालिंदर म्हणाला. त्यानं गिअर काढला आणि चावी फिरवली. तो दोन बेलची वाट बघत होता, हे त्या पोराला सांगण्यासारखं नव्हतं.

कोणती घ्यायची ते दोन दिवसांत कळवतो, असं सांगून तो निघाला.

एक बेल, थांब. दोन बेल, चल. अकरा वर्षं ती दोरी राधाकिशनच्या हातात होती. लिंबागणेशचा राधाकिशन, कंडक्टर. स्वतःच्या सासूलाही तिकीट फाडून देणारा माणूस. सकाळी गाडीत चढला की तो "जय भीम" म्हणायचा, जालिंदर "राम राम" म्हणायचा. जय भीम जालिंदरच्या घरचा, राम राम राधाकिशनच्या; पण दुसऱ्याचा शब्द आपण घ्यायचा, असं कधी ठरलं नव्हतं. पहिल्या दिवशी तसं झालं आणि पुढं तसंच होत राहिलं.

मग संप आला. तिसऱ्या महिन्यात जालिंदर कामावर हजर झाला. भामाबाईला दर आठवड्याला बीडच्या दवाखान्यात न्यावं लागत होतं. बायकोचं दुखणं त्यानं कुणाला सांगितलं नाही. राधाकिशन शेवटच्या दिवसापर्यंत बाहेर राहिला. संप मिटला आणि डेपोनं दोघांना पुन्हा त्याच गाडीवर टाकलं. चौदा महिने ते एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. एक बेल. दोन बेल. गाडी चालवायला त्याहून जास्त काही लागत नाही.

भामाबाई गेली तेव्हा राधाकिशन स्मशानाच्या फाटकापर्यंत आला होता. आत आला नाही. पुढच्या सोमवारी दोन बेल वाजल्या, नेहमीसारख्याच.

राधाकिशन निवृत्त झाला त्या दिवशी जालिंदरनं रजा टाकली होती.

शोरूममधून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जालिंदरनं पाकिटातून पास काढला. मांजरसुंब्यापर्यंत एसटी, पुढं लिंबागणेशची जीप. वळणावर पाय पत्र्याकडं गेला, त्यानं तो मांडीवर हात ठेवून दाबून धरला.

राधाकिशन अंगणात बाजेवर बसून हरभऱ्याची भाजी खुडत होता. केस पार पांढरे झाले होते. त्यानं वर पाहिलं, परत खाली पाहिलं आणि हातातली डहाळी पुरी खुडून संपवली.

"कोन आलंय वो?" आतून त्याच्या बायकोनं, छबुबाईंनी, विचारलं.

"डायवर," राधाकिशन म्हणाला.

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. छबुबाई दारापर्यंत आल्या, जालिंदरला बघून त्यांनी पदर सारखा केला आणि त्या चहा टाकायला वळल्या.

जालिंदर बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसला. मधे भाजीचा ढीग. थोड्या वेळानं त्यानंही एक डहाळी उचलली.

"मोटारसायकल घेतोय," तो म्हणाला.

"या वयात?"

"शिकाऊ लायसन काढलंय. मागं पक्कं लायसनवाला पायजे. तू तर पयल्यापासून चालवतूस."

"चैताली न्हाई का?"

"पुण्याला असती ती."

"शेजारी-पाजारी कुनी?"

"हायेत."

"मंग मी कावून?"

जालिंदर पानं खुडत राहिला. देठ पानांत आणि पानं देठांत पडत होती. राधाकिशननं त्याच्या पुढ्यातला ढीग आपल्याकडं ओढून घेतला आणि निवडू लागला.

"मला एकट्याला गाडी हालवता येत न्हाई," जालिंदर म्हणाला. "थांबली की थांबतीच."

चहा आला. छबुबाई म्हणाल्या, "भाऊजी, साखर कमी घातलीय आता, चालंल ना?" जालिंदरनं मान हलवली. त्या आत गेल्यावर राधाकिशननं बशीत चहा ओतला, फुंकर मारली, पण प्यायला नाही.

"वहिनीचं सांगायचं हुतंस," तो म्हणाला. "मला फाटकावर कळलं, किती दिसाचं दुखनं हुतं ते. परक्या मानसाकडून."

"सांगितलं असतं तर तूबी संप सोडून आला असतास."

"आलो असतो."

"म्हनून."

राधाकिशननं बशी एका घोटात रिकामी केली, मिशी पुसली आणि तो उठून घरात गेला. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. परत यायला त्याला बराच वेळ लागला. आला तो हातात लायसन घेऊनच, आणि जालिंदरकडं न बघता त्यानं ते पुढं केलं.

"बघून घे. तुला नियम लागतो."

जालिंदरनं कार्ड हातात घेतलं. एकतीस वर्षं दर तपासणीला असलं कार्ड त्यानं खिडकीतून बाहेर दिलं होतं. तपासणारा माणूस आधी कुठं बघतो, हे त्याला पाठ होतं. त्याची नजरही आधी तिथंच गेली. चष्मा त्यानं कपाळावर चढवला. कार्ड लांब धरलं. उलटं केलं, सुलटं केलं. उन्हात त्याच्यावरचा फोटो चमकला. त्यात राधाकिशनचे केस काळे होते.

"ठीक हाय," तो म्हणाला आणि कार्ड परत दिलं.

"मागं बसायला जागा तर हाय ना?" राधाकिशननं विचारलं. "कंबर धरती आता माझी. बारकी फळी असली तर मी येत न्हाई."

जालिंदरनं तिथूनच परमेश्वरला फोन लावला.

"तपकिरी," तो म्हणाला. "गादीवाली."

"काका, जड जाईल ती तुमाला."

"जाऊ दे."

फेब्रुवारीभर, एक दिवसाआड, राधाकिशन सकाळच्या गाडीनं नेकनूरला यायचा. फाट्यावर उतरला की "जय भीम" म्हणायचा, जालिंदर "राम राम" म्हणायचा. त्यापुढं फार काही नसायचं. अकरा वर्षं केबिनच्या आरशात राधाकिशन पुरा दिसायचा, पैशाच्या पिशवीसकट. या आरशात फक्त त्याचं एक कोपर दिसायचं, स्वेटरचं, दोन ठिकाणी उसवलेलं. पण गाडी मागून जड असायची. राधाकिशन ज्या दिवशी येत नसे त्या दिवशी ती अंगणात उभी असायची आणि जालिंदर सकाळी तिचा आरसा पुसून परत घरात जायचा.

पहिल्या दिवशी गावाबाहेर, ऊसतोडीला गेलेल्यांच्या बंद घरांपुढून जाताना, आडवी शेळी आली म्हणून जालिंदर थांबला. शेळी गेली. धूळ बसली. दोघंही बसून राहिले.

"चल की," मागून राधाकिशन म्हणाला.

जालिंदरनं क्लच सोडला.

राधाकिशनच्या लायसनची मुदत आदल्या वर्षीच्या मे महिन्यात संपली होती.