सातवा खिळा

शिवांजलीनं ढिगातनं एक फळी उचलून करवतीच्या मशीनजवळ ठेवली आणि शेडाच्या दारात शेंगा फोडत बसलेली तिची सासू मनुबाई फळीकडं बघतच राहिली.

फळी तिनं गाठीवरनं ओळखली. बांधावरची बाभूळ उभी होती तेव्हा ही डोळ्यासारखी काळी गाठ तिच्या छातीएवढ्या उंचीवर होती. त्या गाठीच्या खाली चार बोटांवर मनुबाईनं खिळा मारला होता. आता हे काय कुणाला सांगायचं? आठ वर्षं तिनं तोंडातनं ब्र काढला नव्हता.

झालं होतं असं. लेकासाठी, जयराजसाठी तिनं आपल्या भावाची पोरगी धरून ठेवली होती. शब्द देऊन बसली होती. आणि हा पठ्ठ्या पलटणीतनं सुट्टीवर आला तो फलटणची शिवांजली पसंत करूनच. भावानं येणंजाणं तोडलं. मनुबाईचं डोकं असं फिरलं की लग्नाला महिना व्हायच्या आत ती एका देवऋष्याकडं गेली. त्यानं घोड्याच्या नालाचे सात खिळे दिले. सुनेच्या हळदीच्या हिरव्या साडीचा तुकडा प्रत्येकाखाली घालून बांधावरच्या बाभळीत मारायचे, पोरगी आपल्या पायानं माहेरी जाते का नाही बघा म्हणाला. सहा त्यानं मारले. सातवा तुमी मारा म्हणाला. भावाचा, लेकाचा, सगळ्या भावकीचा राग एकवटून तिनं दगडानं तो असा हाणला की माथा सालीच्या आत गडप झाला.

पोरगी काही गेली नाही. उलट कुंडल गावातल्या त्यांच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या शेडात तिनं सुतारकाम शिकवायला सुरुवात केली. महिन्यातनं दोन दिवस सांगली-पुण्याची माणसं यायची, दिवसभर रंधा मारून तळहाताला फोड आणायची आणि स्वतः केलेलं स्टूल तान्ह्या पोरासारखं छातीशी धरून घरी न्यायची. मनुबाईला आधी त्याचं हसू यायचं. मग गेल्या साली ती न्हाणीत घसरली, मांडीचं हाड मोडलं, आणि हसणं संपलं. आठ महिने शिवांजलीनं तिचं सगळं केलं. पुसणं-धुणं केलं, वेणी घातली, चालायची वेळ आली तेव्हा तिच्या बोटांची मापं घेऊन काठी घडवली. लेक सीमेवर, वर्षातनं दोनदा तोंड दाखवणार. जीव की प्राण म्हणावी अशी ही एकच पोरगी आता मनुबाईच्या आयुष्यात उरली होती. तिच्या नजरेतनं उतरायचं म्हणजे जगून करायचं काय?

"दोन वर्षांमागं वाऱ्यानं पडली ही बाभूळ," शिवांजली आज शिकायला आलेल्या पाहुण्यांना सांगत होती. "वर्षभर विहिरीच्या पाण्यात बुडवून ठेवली, वर्षभर सावलीत वाळवली. बैलगाडीचे कणे असेच करायचे. अशा लाकडाला कीड लागत नाही. आता ही मधोमध चिरायची, म्हणजे बैठकीच्या दोन पट्ट्या निघतील."

सहा पाहुण्यांत सांगलीचे एक दातांचे डॉक्टर होते, धैर्यशील नावाचे. त्यांनी विचारलं, "लाकडात लोखंड असलं तर?"

"तर पात्याचा दात तुटून गोळीसारखा येतो. मला शिकवणाऱ्या मिस्त्रींचा एक डोळा त्यानंच गेला." शिवांजलीनं फळीवरनं चुंबक फिरवला. तो कुठंच अडला नाही. "साफ आहे. चला, पहिला हात कुणाचा?"

अपेक्षा नावाची कॉलेजातली मुलगी पुढं झाली. तिनं ओढणी काढून ठेवली, केस बांधले, जाड चष्मा चढवला. एवढीशी पोर. मनुबाईच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"शिवे," ती म्हणाली, "ती फळी ऱ्हाऊ दे. किडल्याली हाय."

शिवांजलीनं फळी उलटीपालटी केली. "कुठं, आत्याबाई? दावा की."

"आतनं हाय. मला कळतंय."

पाहुणे गालात हसले. मनुबाईनं दुसरी थाप मारली. "बरं, मला तिचा देवाचा पाट करायचाय. ती नगं चिरूस."

"पाटाला हिच्यापरीस रुंद फळी काढून ठिवलीया मी तुमच्यासाठी." शिवांजली मायेनं म्हणाली. सांगून टाकावं असं वाटत होतं आणि सांगायचं म्हटलं की तीच माया आड येत होती. चुकेल की, ती स्वतःला म्हणाली. एवढी लांब फळी, एवढासा खिळा. पातं बाजूनं जाईल.

शिवांजलीनं बटण दाबलं. गोल करवत गरगरली आणि शेडाचे पत्रे थरथरायला लागले. अपेक्षा इकडनं फळी सरकवत होती, शिवांजली पलीकडनं वाकून ती ओढून घेत होती. तिचं तोंड पात्याच्या अगदी समोर. लाल भुसा तिच्या चष्म्यावर उडत होता. फळी वीतभर गेली, मग हातभर. गाठ पात्याच्या रेषेत होती, एका केसाचाही फरक नव्हता.

"थांब," मनुबाई म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही. "अगं थांब, शिवे."

कोण ऐकणार त्या गोंगाटात? गाठीला सहा बोटं उरली, म्हणजे खिळ्याला दोनच. मनुबाई उठली, सुपातल्या शेंगा सांडल्या, मोडक्या मांडीनं ती कशी पोचली देव जाणे, आणि काठीचं टोक तिनं मशीनच्या लाल बटणावर हाणलं. करवत कण्हत कण्हत थांबली. सगळे तिच्याकडं बघत राहिले.

"आत खिळा हाय," मनुबाई म्हणाली.

"कशावरनं?"

"मी मारलाय. तू नवी आल्तीस तवा. तू हितनं जावीस म्हणून." एवढं ती बोलली आणि तिच्या हातातनं काठी गळून पडली. सहा परकी माणसं ऐकत होती, पण तिला त्यांची लाज वाटली नाही. लाज एकाच माणसाची वाटत होती.

शिवांजलीनं चष्मा कपाळावर चढवला. "कुठं मारलाय?"

मनुबाईनं बोट ठेवलं. शिवांजलीनं पटाशी घेतली, हातोडीचे आठ-दहा ठोके दिले. लाकूड आत शाई सांडल्यागत निळंकाळं झालं होतं. मग लोखंड खणकलं, इतक्या खोल की चुंबकाला कळलं नव्हतं. पकडीनं तिनं खिळा ओढून काढला. त्याला हिरव्या कापडाची चिंधी चिकटली होती. पात्यापासनं तो दोन बोटांवर होता.

शिवांजलीनं खिळा मनुबाईपुढं धरला. "माझं सोडा, आत्याबाई," ती हळू पण कडक आवाजात म्हणाली. "ह्या पोरीला काय झालं असतं तर तिच्या आईला मी काय सांगणार होते? दोनदा खोटं बोललासा."

मनुबाईनं मशीनची कड धरली. आता ही म्हणेल, तुमची पोळी तुमी भाजून खावा. म्हटलं तरी चूक नव्हतं.

शिवांजली भिंतीवरच्या मांडणीकडं गेली. तिथनं तिनं एक पत्र्याचा डबा काढला आणि मशीनवर पालथा केला. सहा खिळे पडले. गंजलेले, प्रत्येकाला हिरवी चिंधी.

"मला वाटलं सहाच हायत," ती म्हणाली. "सातवा असंल हे ध्यानातच आलं न्हाई."

"तुला कवा घावलं हे?"

"झाड पडल्यावर साल काढली तवाच. हळदीची साडी माझी मला कळत न्हाई व्हय? आन ती तुमच्याशिवाय कोण फाडणार?"

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी कवा सांगताय, वाट बघत होते."

मनुबाईनं मनातल्या मनात हिशेब लावला. झाड पडलं दोन वर्षांमागं. साल काढली त्याच महिन्यात. आणि मांडी मोडली ती गेल्या साली. म्हणजे न्हाणीतनं तिला उचललं तेव्हा, आठ महिने अंग पुसलं तेव्हा, बोटांची मापं घेतली तेव्हा, हिला सगळं ठाऊक होतं. मनुबाईला रडू आवरेना. पाहुण्यांदेखत ती हमसून हमसून रडली.

शिवांजलीनं वाकून काठी उचलली.

"धरा आधी," ती म्हणाली. "पडाल."