सत्तर किलोच्या आत

कबड्डीत डाव्या कोपऱ्यावर कोण उभं आहे, हे तो उभा असेपर्यंत कुणी विचारत नाही. टाळ्या सगळ्या चढाई करणाऱ्याला. कोपऱ्यावरचा पोरगा वाकून समोरच्याचा घोटा धरतो, धुळीत तोंड घालतो आणि उठून चड्डी झटकतो. आमच्या मंडळाचा डावा कोपरा जयसिंग गुडघा धरून पडला तेव्हा मात्र अख्ख्या कर्वेनगरला एका रात्रीत समजलं, की कबड्डी म्हणजे डावा कोपरा. दूधवाला, सलूनवाला, फ्लेक्स छापणारा, सगळे प्रशिक्षक झाले. खरा प्रशिक्षक मी होतो, पण ती बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती.

मी श्रीधर, राहणार शनिवार पेठ. शाळेत पी.टी.चा मास्तर होतो. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी स्कूटर काढून नदीपलीकडे या मंडळाच्या पोरांना शिकवायला जायचो. पेठेतला माणूस गावठाणातल्या पोरांना काय कबड्डी शिकवणार, असं सुरुवातीला बऱ्याच जणांना वाटत होतं. दोन-चार कान पिरगाळल्यावर वाटेनासं झालं.

जयसिंगच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तो परत मैदानावर आला, तो नेमका सत्तर किलो वजनी गटाच्या स्पर्धेत आम्ही बाद फेरीत पोहोचल्यावर. रविवारी विश्रांतवाडीच्या संघाशी गाठ होती. त्यांचा एक लंबूटांग चढाईपटू होता, तो नेमका डाव्या कोपऱ्यावरच जायचा. आमच्याकडे तिथे अनंत खेळत होता. पोरगा गुणी, पण समोरच्याचा घोटा धरायचा की त्याला नमस्कार करायचा, हे त्याचं शेवटपर्यंत ठरत नसे. म्हणजे प्रश्न एकच होता. पहिल्या सातांत जयसिंगला उतरवायचं की नाही?

डॉक्टर म्हणाले, "खेळू शकेल. पण गुडघा पुन्हा गेला तर माझ्याकडे आणू नका. सरळ काठी विकत घ्या."

मंडळाचे अध्यक्ष संपतराव हे जयसिंगचे सख्खे चुलते. जयसिंगचा बाप गेल्यापासून तो आणि त्याची आई मुक्ताबाई त्यांच्याच घरात राहत. संपतरावांनी निर्णय केव्हाच घेऊन टाकला होता. चौकात भलामोठा फ्लेक्स लागला : मांडी ठोकणारा जयसिंग आणि वर 'वाघ परत आला'. खाली कोपऱ्यात माझाही फोटो होता, रेशनकार्डावर शोभेल एवढा. मला विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

"अहो, अजून माझं ठरलेलं नाही," मी म्हणालो.

"तुमचं ठरंल की सर निवांत," संपतराव म्हणाले. "फ्लेक्स तर लागलाय."

मी जयसिंगला विचारलं. त्याचे चुलते शेजारीच उभे होते. "खेळणार सर," तो म्हणाला. एका दमात, पाढा म्हणावा तसा. मग मी त्याला मैदानात घेऊन तपासलं. बसवला, उठवला, पळवला, भैरूला त्याच्या अंगावर चढाईला घातला. त्याची पकड होती तशीच होती. जुना जयसिंग. माझं मन हळूहळू त्याच्या बाजूला झुकायला लागलं, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. इतक्या वर्षांत आमचं मंडळ उपांत्य फेरी पाहायला गेलं होतं ते प्रेक्षक म्हणून.

भैरू हा जयसिंगच्या शेजारचा खेळाडू. बचावात दोघं एकमेकांचा हात धरून उभे राहतात. जाता जाता तो म्हणाला, "सर, हात लई घट्ट धरतोय तो. बोटं दुखली माझी."

"चांगलंय की मग," मी म्हणालो. "जोर आला म्हणायचा."

मुक्ताबाई रोज सरावाला डबा घेऊन यायच्या. कडेला पदर सावरून बसायच्या आणि सराव संपला की डिंकाचे लाडू वाटायच्या. जयसिंगला जास्तीचे. "घ्या सर, हाडाला चांगलं असतंय," एवढंच त्यांचं माझ्याशी बोलणं. शनिवारी संध्याकाळी मी जयसिंगला मंडळाच्या काट्यावर उभा केला. सत्तरच्या जेमतेम आत होता. मी पोरांना जमवलं आणि सांगितलं, "उद्या डावा कोपरा जयसिंग." पोरांनी असा ओरडा केला, की पलीकडच्या सोसायटीतून एक गृहस्थ गॅलरीत येऊन विचारते झाले, इथे माणसं राहतात याची आपल्याला कल्पना आहे का म्हणून.

रविवारी सकाळी सगळे मैदानावर. बाकीच्यांची वजनं साखळी सामन्यांआधीच झाली होती. जयसिंग नव्याने उतरणार, म्हणून त्याला काट्यावर चढणं भाग होतं. तो चढला. आकडे थरथरले आणि थांबले.

सत्तर किलो चारशे ग्रॅम.

माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. एका रात्रीत या पोराने खाल्लं तरी काय? गुडघ्यावर इतके दिवस खल केला, डॉक्टर झाले, नवस झाले, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या या काट्याने आम्हाला आडवं केलं.

आयोजकांपैकी एक चष्मेवाले गृहस्थ शांतपणे म्हणाले, "अर्धा तास देता येईल. नियमात बसतं तेवढं."

वजनी गटात खेळणाऱ्यांना हे काही नवीन नाही. पोरं सामन्याआधी दोन-दोन स्वेटर घालून पळतात, लवंग चघळून थुंकत बसतात. आम्ही जयसिंगवर दोन स्वेटर चढवले. हातातलं कडं काढलं, गळ्यातला ताईत काढला. सलूनवाला प्रेक्षकांत होताच, त्याने दुकानातून मशीन आणून पोराच्या डोक्याचा चकोट केला. एवढे केस म्हणजे किती ग्रॅम, यावर पैजा लागल्या. भैरूही गंमत म्हणून काट्यावर चढला, स्वतःचं वजन बघितलं आणि त्याच्यासोबत पळायला निघाला. मैदानाला फेऱ्या सुरू झाल्या. मांडवाच्या पुढून, मांडवाच्या मागून. जयसिंग गुडघ्यामुळे दमानं पळत होता, भैरू पुढे गेला होता. आम्ही टाळ्या वाजवत होतो. चारशे ग्रॅम म्हणजे काय, घामच तो. माझी खात्री होती.

अर्धा तास झाला. आधी भैरू काट्यावर चढला. चांगला अर्धा किलो उतरला होता. पोरं नाचायला लागली. मग स्वेटर उतरवून जयसिंग चढला.

एकाहत्तर किलो शंभर ग्रॅम.

चकोट केलेला, घामाने निथळणारा, अर्धा तास पळालेला माणूस जड होऊन आला होता! मी आयुष्यभर मैदानावर आहे. पोरं हरताना पाहिली, रडताना पाहिली, हाडं मोडताना पाहिली. पळून वजन वाढलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"काटा बिघडलाय!" संपतराव ओरडले.

"काटा आत्ताच आपल्या दुसऱ्या मुलाला बरोबर होता," चष्मेवाले म्हणाले. "काटा आमचा आहे, माणूस आपला आहे. बिघाड कुठे आहे ते आपणच बघा."

मी जयसिंगजवळ गेलो. त्याने काढलेले स्वेटर उचलले. गळ्यापाशी ओलेचिंब होते. घाम, मी मनात म्हटलं. आणि हात लावला, तर गार. घाम असा गार नसतो. मांडवाच्या मागे थंड पाण्याचे जार ठेवले होते, त्यातल्या पाण्यासारखा गार.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर खाली घातली आणि माझा हात धरला. इतका घट्ट, की माझी बोटं दुखली. तेव्हा कुठे भैरूचं बोलणं माझ्या डोक्यात शिरलं. तो जोर नव्हता. ती भीती होती. हा पोरगा भीतीने अर्धा मेला होता, आणि चौकातल्या फ्लेक्सवर मांडी ठोकत उभा होता.

"सर," तो कसाबसा पुटपुटला, "त्यो आवाज येतोय अजून. गुडघा गेला तवाचा. झोपेत बी येतोय."

वाघ म्हणवलेल्या पोराने कुणाला सांगायचं हे? चुलत्याला? मला? मी तर हात घट्ट धरतो म्हणून खूश झालो होतो.

तेवढ्यात मागे आरडाओरडा सुरू झाला. संपतराव बायकांच्या बाजूला गेले होते आणि सगळ्यांसमोर मुक्ताबाईंवर घसरले होते. "काय केलंत हे वहिनी? पोराला म्हशीगत चारलंत! तुमच्या लाडवांनी गावाची इज्जत घालवली. दिल्या घरात राहायचं आन् त्याच घराचं वाटोळं करायचं!"

मुक्ताबाई मान खाली घालून उभ्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. जयसिंगचं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला बोलायचं होतं, हे मला दिसत होतं, आणि बोलला तर जन्मभर या गावठाणात त्याला कोण काय म्हणेल तेही दिसत होतं. माझं डोकं आधीच तापट. सरळ पुढे गेलो.

"संपतराव, त्यांना कशाला बोलता? पाणी पाजलंय त्याला. मी पाजलं."

"काय?"

"मांडवाच्या मागे. पळताना तोंड सुकतं, जरा पी म्हणालो. मला त्याला उतरवायचंच नव्हतं. डॉक्टरांचं मी ऐकलं, तुम्ही फ्लेक्सचं ऐकलंत."

आपण फार मोठं काही करतोय असं मला त्या क्षणी वाटलं, लपवत नाही. ते वाटणं फार टिकलं नाही. संपतराव म्हणाले, "विश्रांतवाडीवाल्यांनी विकत घेतला का रे तुला, मास्तर?"

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. खरंच आलं नव्हतं. मी आजूबाजूला पाहिलं. माझी पोरं माझ्याकडे तसंच बघत होती. अनंत, भैरू, सगळी. ज्यांचे कान मी पिरगाळले, ज्यांना घोटा कसा धरायचा ते शिकवलं, ती पोरं. एकानेही नाही म्हटलं नाही. भैरूने माझ्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली. उद्धटपणे नाही, अगदी हळू. तेच जास्त लागलं.

आणि मुक्ताबाई. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता, आश्चर्य होतं. मी सांगितलेलं त्यांना पटलंच नसावं, असं काहीतरी. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

सामना आम्ही हरलो. लंबूटांग अनंतच्या बाजूने आला आणि गेला, आला आणि गेला. मी दोरीबाहेर स्कूटरपाशी उभा राहून शेवटपर्यंत पाहिला. जाताना चौकात मान वर केली नाही.

घरी श्यामलाने, म्हणजे माझ्या पत्नीने, सगळं ऐकून घेतलं. "खोटं बोलायला शिकलात, साठीनंतर," ती म्हणाली. "पण धड नाही." आणि पान वाढलं. मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची कडी वाजली. श्यामलाने दार उघडलं आणि मला हाक मारली. दारात मुक्ताबाई. हातात तोच लाडवांचा डबा. कर्वेनगरहून एकट्या, बसने, पत्ता विचारत आलेल्या. मी खुर्चीवरून उठलो. पोराचं नुकसान केलं म्हणून चार शब्द सुनवायला आल्या असतील, असं वाटलं. ऐकून घ्यायची मी तयारी केली.

"बसा," श्यामला म्हणाली.

त्या बसल्या नाहीत. "सर, तुम्ही कशाला सांगितलंत तसं?"

"जयसिंगने तुम्हाला सांगितलं वाटतं," मी म्हणालो. "राहू द्या. पोरगा घाबरला होता. स्वतःच पाणी पीत होता, हे गावासमोर कसं..."

"तो कुठला पितोय," मुक्ताबाई म्हणाल्या. "मी पाजत हुते."

मी परत खुर्चीत बसलो.

"झोपेत रडतोय पोर माझं. गुडघा धरून उठतोय. नाय म्हण म्हणलं, तर म्हणतोय, आई, फ्लेक्स लागलाय. मग लाडू घातले. तुमच्या काट्यावर सत्तरच्या आत भरला, म्हणून रात्री आणिक घातले. तरी तुम्ही त्याला पळवला. मग काय करणार? तांब्या घेऊन मांडवाच्या मागं हुबी राहिले. फेरीला आला की पाजला. स्वेटरवर सांडलं थोडं, घाईत."

इतके दिवस आम्ही सगळे ठरवत होतो, डॉक्टर, चुलता, मी, अख्खा चौक. मैदानाच्या कडेला लाडू घेऊन बसलेल्या या बाईला एकानेही विचारलं नव्हतं, की बाई, तुमचं काय म्हणणं आहे. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"मग संपतराव बोलत होते तेव्हा तुम्ही गप्प का राहिलात?" मी विचारलं.

"खरंच बोलत हुते की ते. लाडू माझेच हुते." त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि पदराने डोळे पुसले. "मी ऐकून घेत हुते, सर. मला बोलणी खायची सवय हाय त्या घरात. चार दिवस बोलले असते, गप बसले असते. तुम्ही उगं मधी आलात. आता ते तुमची शिट्टी परत देत नाहीत, आन् मला खरं सांगता येत नाही."

त्या वळल्या, चप्पल घातली आणि जिना उतरून गेल्या. मी डबा उघडला. लाडू नेहमीचेच होते. श्यामलाने एक उचलला, माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "खा. तुम्हाला आता कुणी काट्यावर चढवणार नाही."